डबा बोलता करताना

ऑफिसात तिला सगळे सुईण म्हणत. एकदा चहाच्या टेबलावर तिनंच गमतीत स्वतःला तसं म्हटलं होतं आणि ते नाव कायमचं चिकटलं. काम होतंही तसंच. संगणकाची एखादी भाषा कुणीतरी कुठेतरी लिहितं, पण ती प्रत्येक जातीच्या यंत्रावर आपोआप चालत नाही. तिच्या मूळ मजकुरातून त्या त्या यंत्राला समजेल असा प्रोग्राम बांधून घ्यावा लागतो. या बांधणीला ऑफिसात बिल्ड म्हणत. अडलेलं बिल्ड तिच्याकडे यायचं, आणि ती ते सोडवल्याशिवाय जागची हलायची नाही.

तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. त्याला वर्गाबाहेरही सगळे मास्तर म्हणत, तीसुद्धा. एका नदीचा उगम सांगायला घेतला तर तास संपेपर्यंत समुद्र यायचा नाही, असा बोलघेवडा माणूस. त्याच्या हातातून आधी खडू निसटायला लागला, मग चमचा. तपासण्या झाल्या, ज्ञानतंतूंचा आजार निघाला. पुढे जीभ जड झाली, शब्द एकमेकांत मिसळायला लागले, आणि एका उन्हाळ्यात मास्तरांचं बोलणं थांबलं ते थांबलंच. डोकं मात्र शाबूत होतं. कान तिखट होते. पलंगावर पडल्या पडल्या तो शेजारच्या घरातली भांडणंसुद्धा नीट ऐकायचा.

मग डबा आला. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, वर छोटी काच, आणि एका वायरीच्या टोकाला बटणासारखी चकती. चकती मास्तरांच्या गालावर चिकटवायची. काचेवर अक्षरं एकामागून एक उजळत जायची. हवं ते अक्षर आलं की गाल हलवायचा. वाक्य पुरं झालं की डबा ते बोलून दाखवायचा, सरकारी सूचना वाचावी तशा एकाच सुरात. नवीन यंत्रं होती, डोळ्यांवर कॅमेरा रोखून चालणारी. पण मास्तरांच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या असत आणि कॅमेऱ्याला डोळे सापडतच नसत. हॉस्पिटलनं तसं एक यंत्र आणून, दोन तास खटपट करून परत नेलं. तेव्हा जो काय होता तो डबाच.

आणि डबा लांब वाक्यावर गोठायचा. मास्तरांनी गालाच्या जोरावर अर्धा तास खपून काही लिहावं, आणि शेवटच्या शब्दाला काच काळी पडावी. पुन्हा चालू केला की सगळं पुसलेलं. पहिल्या पहिल्यांदा मास्तर चिकाटीनं पुन्हा लिहायचा. मग त्यानं लांब बोलणं सोडलं. "पाणी." "कूस." "पंखा कमी." एकदा त्यानं डब्याकरवी सांगितलं, "मी पोस्टाची तार झालो." बाहेरच्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेल्या सासूबाई हसल्या. ती हसली नाही. तिला वाक्य ऐकूच आलं नव्हतं, ती काचेकडे बघत होती.

दोष कशात आहे हे तिनं आठवड्याभरात हुडकून काढलं. डब्यातला बोलायचा प्रोग्राम एका छोट्या भाषेत लिहिलेला होता. त्या भाषेची डब्यावरची आवृत्ती फार जुनी होती आणि तिला वापरलेली जागा मोकळी करता येत नव्हती. वाक्य लांबलं की डब्याची स्मृती गच्च भरायची. नव्या आवृत्तीत हा दोष केव्हाच दुरुस्त झाला होता, पण नव्या आवृत्तीनं डब्याच्या कार्यप्रणालीला, म्हणजे डबा आतून चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामला, वाऱ्यावर सोडलं होतं. ती कार्यप्रणाली डबा बनवणाऱ्या छोट्याशा कंपनीनं स्वतःपुरती लिहिलेली होती, जगात दुसरीकडे कुठे नव्हती. कंपनी बंद पडली होती. तिथल्या एका निवृत्त इंजिनिअरांचा फोन नंबर तिनं मोठ्या खटपटीनं मिळवला. गृहस्थांना ऐकू कमी यायचं. ती ओरडून विचारायची आणि ते शांतपणे भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचे. शेवटी म्हणाले, "बाई, त्याचे कागद नाहीत. आम्ही चारजण एका खोलीत बसायचो. सगळं तोंडीच चालायचं."

म्हणजे जे काही विचारायचं ते डब्यालाच.

ऑफिसातून तिनं घरून काम करायची परवानगी काढली आणि पलीकडच्या छोट्या खोलीत टेबल मांडलं. भाषा बांधण्याआधी जुळवणी करावी लागते. त्यासाठी भाषेबरोबर एक लांबलचक प्रश्नावली येते. ती यंत्राला आपणहून प्रश्न विचारते. तुझ्यात केवढा आकडा मावतो? तुझं घड्याळ मागे जातं का? एक प्रोग्राम चालू असताना दुसरा सुरू करू देतोस का? प्रत्येक प्रश्नासाठी ती एक इवलासा प्रोग्राम तयार करते, चालवते, आणि उत्तर टिपून घेते. पण डबा इतका तोकडा, की त्याच्यावर बसून भाषा बांधणं शक्यच नव्हतं. बांधायची तिच्या संगणकावर आणि चालवायची डब्यावर. त्यामुळे प्रश्नावली उंबऱ्यातच अडली. ही प्रणाली माझ्या ओळखीची नाही, असं म्हणून तिनं हात वर केले. सुईणीनं ओळख करून दिली. मग प्रत्येक प्रश्नाला एकच पालुपद सुरू झालं: हे मला इथून कळणार नाही, उत्तर तुम्ही लिहा.

अंदाजानं 'हो' लिहिता येतं. बिल्ड तयारही होतं. मग ते महिन्यांनी, नको त्या घटकेला कोसळतं. हे तिनं इतक्यांदा पाहिलं होतं, की अंदाजावर तिचा काडीचा विश्वास उरला नव्हता. प्रत्येक प्रश्न प्रत्यक्ष डब्यावर नेऊन विचारायचा असं तिनं ठरवलं. त्यासाठी बोलायचा प्रोग्राम बंद करावा लागायचा, गालावरची चकती काढून डबा उचलून पलीकडे न्यावा लागायचा. म्हणजे मास्तरांचं तोंडच तेवढा वेळ उचलून न्यावं लागायचं.

तिनं विचारलं तेव्हा मास्तरांनी आढेवेढे घेतले नाहीत. "ने. दुपारी. झोपतो."

सुरुवातीला त्यात गंमतही होती. दुपारचा तास उरकून ती डबा परत आणायची, चकती चिकटवायची, आणि मास्तर पहिला शब्द विचारायचा, "पास?" मग ती सांगायची, की आकड्यांच्या पेपरात पास आणि घड्याळाच्या पेपरात सपशेल नापास. डब्याच्या प्रणालीला इंग्रजीतल्या मोठ्या आणि छोट्या अक्षरांतला फरक कळत नव्हता, म्हणून एकाच नावाच्या दोन फाइलींपैकी एकीनं दुसरीला गिळून टाकलं होतं, आणि ते शोधण्यात आपला आख्खा आठवडा पाण्यात गेला, हेही तिनं सांगितलं. मास्तरांनी बराच वेळ खपून लिहिलं, "अंगठे धरून उभा कर." त्या दिवशी सासूबाईंनी दोघांना हसताना पाहिलं आणि त्या शिवणयंत्रावरून उठून दारात येऊन उभ्या राहिल्या.

पुढे तास लांबायला लागला. एखादा प्रश्न असा वाकडा निघायचा, की तिला मधेच सोडून उठणं जिवावर यायचं. दीड तास, मग चहापर्यंत, मग दिवेलागणीपर्यंत. मास्तर "पास?" विचारायचा आणि ती नुसती मान हलवायची. बोलायला डबा नसेल तेव्हासाठी अक्षरांचा एक पारदर्शक तक्ता होता. तो दोघांच्या चेहऱ्यांच्या मधे धरायचा आणि मास्तरांची नजर कुठल्या अक्षरावर थांबते ते पलीकडून बघायचं. सासूबाईंची नजर अधू, त्यांना ते जमत नसे. तिला जमायचं. पण तक्ता धरला की मास्तरांच्या डोळ्यांत बघत राहावं लागायचं, आणि त्या डोळ्यांत जे असायचं ते तिला सोसत नसे. डबा दुरुस्त झाला की तक्ता लागणारच नाही, असं ती स्वतःला सांगायची. तक्ता कपाटावर गेला.

सासूबाईंनी एकदा विचारलं, "अगं, तू त्याच्याशी बोलतेस की त्या डब्याशी?" तिला राग आला. कुणासाठी चाललंय हे सगळं, असं ती म्हणाली. सासूबाई शिवणयंत्राकडे परत गेल्या.

ज्या दुपारी ते झालं, त्या दुपारी बिल्ड पहिल्यांदा शेवटपर्यंत पोचलं होतं. नवी भाषा डब्यावर उतरली होती. आता तिला डब्याकडून लांबच लांब वाक्यं वदवून घ्यायची होती, स्मृती भरते की मोकळी होते ते पाहायचं होतं. शिवणयंत्राचा खडखडाट नको म्हणून तिनं खोलीचं दार लावलं आणि हेडफोन लावून डब्याचा आवाज थेट कानात घेतला. सासूबाई मशीन थांबवून गच्चीवर कपडे काढायला गेल्या. वारा सुटला होता, एक चादर शेजारच्या गच्चीवर उडाली. ती मिळवून परत यायला त्यांना वेळ लागला.

मास्तरांच्या घशात कफ अडकला होता. कफ ओढायचं यंत्र पलंगाशेजारीच होतं, पण ते चालवायला माणूस लागतो आणि माणसाला बोलवायला डबा लागतो.

सासूबाईंची किंकाळी तिला कानातल्या आवाजामुळे ऐकू आली नाही. सासूबाईंनी दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या तेव्हा टेबल हललं आणि तिनं वर पाहिलं. मास्तरांचे ओठ काळेनिळे पडले होते. तिनं नळी घातली, कफ ओढला. श्वास आला, पण तुटक. गाडी आली, स्ट्रेचर आलं. अतिदक्षता विभागात डॉक्टरांनी मास्तरांच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली.

डॉक्टर म्हणाले की हे आज ना उद्या होणारच होतं, आजाराची वाटच तशी आहे. ते चांगल्या मनानं बोलत होते. तिनं मान हलवली. सासूबाई समोरच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारच्या गच्चीवरून आणलेली चादर अजून त्यांच्या मांडीवर घडी करून ठेवलेली होती.

हॉस्पिटलच्या बोळात बसून तिनं उरलेलं काम संपवलं. दुसरं काय करावं ते तिला सुचत नव्हतं. डबा पिशवीत होता, मास्तरांना तिथे त्याचा उपयोग नव्हता. एका दुपारी तिनं सगळ्यात लांब वाक्य लावलं आणि डब्यानं ते न अडखळता शेवटपर्यंत म्हटलं. पलीकडच्या बाकावरच्या माणसानं दचकून पाहिलं. तिनं आवाज बंद केला. एरवी बिल्ड पार पडलं की ती ऑफिसात सगळ्यांना चहा पाजायची. त्या दिवशी तिनं डबा पिशवीत ठेवला आणि औषधं आणायला गेली.

मास्तर घरी आला. तिनं चकती गालावर चिकटवली, डबा समोर लावला, अक्षरं उजळत गेली. मास्तर बोलला नाही.

तिला वाटलं, दमलाय. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही. मग तिला धास्ती पडली, की आपलंच काहीतरी चुकलंय. तिनं वायर बदलली. चकती स्वतःच्या गालावर लावून डब्याकडून स्वतःचं नाव वदवून घेतलं. जुळवणीतलं एकेक उत्तर पुन्हा तपासलं. सगळं बिनचूक होतं. तरी ती परत परत तपासत राहिली. एका सकाळी ती पलंगाशी वायर हातात घेऊन बसलेली असताना सासूबाई जवळ आल्या आणि तिच्या हातातून त्यांनी वायर काढून घेतली.

"डब्याला काही झालेलं नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तो बोलत नाहीये."

ती मास्तरांकडे बघत राहिली. मास्तर भिंतीकडे बघत होता.

तिनं कपाटावरून तक्ता काढला. त्यावर धूळ बसली होती. पदरानं पुसून तिनं तो मधे धरला आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळानं मास्तरांची नजर भिंतीवरून सुटून तक्त्यावर आली. ती एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत गेली. दोनदा चुकली, दोनदा मास्तरांनी डोळे मिटून नाही म्हटलं आणि पुन्हा उघडले. तीन शब्द झाले.

"दार उघडं ठेव."

तक्ता तिच्या हातातून खाली गेला. त्या दुपारी किती वेळ मास्तर त्या बंद दाराकडे बघत पडला असेल, हे तिच्या मनात आजवर आलं नव्हतं असं नाही. आलं की ती लगेच दुसरं काहीतरी काम हातात घ्यायची. आता हातात काही नव्हतं. ती पलंगाच्या कडेला डोकं टेकून रडली. मास्तरांना हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवता आला असता तर त्यानं ठेवला असता की नाही, हे तिला कधीच कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

त्यानंतर मास्तर पुन्हा डब्यातून बोलायला लागला. डबा आता गोठत नसे. मास्तर लांब वाक्यं बोलायला लागला, पूर्वीसारखी फाटे फुटत जाणारी. शेजारच्यांच्या भांडणात मुळात बाईचंच बरोबर कसं आहे, ते त्यानं आईला सगळ्या पुराव्यानिशी सांगितलं. सासूबाई मशीन थांबवून ऐकत बसायच्या. ती दाराशी उभी राहून ऐकायची, काचेकडे न बघता.

मग एकदा त्यानं डॉक्टरांना घरी बोलवायला लावलं. डॉक्टर येण्याआधी तो सकाळभर लिहीत होता. काय लिहितोस असं तिनं विचारलं तर त्यानं काही सांगितलं नाही. डॉक्टर खुर्चीवर बसले आणि मास्तरांनी गाल हलवला. डबा नेहमीच्या सपाट सुरात बोलायला लागला.

"डॉक्टर, पुढच्या वेळी श्वास अडकला तर मला हॉस्पिटलात न्यायचं नाही, श्वासाच्या यंत्रावर ठेवायचं नाही, आणि माझ्या बायकोनं कितीही विनवण्या केल्या तरी ऐकायचं नाही, कारण ती अडलेलं काही सोडून देऊ शकत नाही आणि हे सोडून द्यायचं आहे, हे मी पूर्ण शुद्धीत सांगतो आहे, आई साक्षीला आहे."

जुन्या डब्यानं हे वाक्य अर्ध्यावर टाकलं असतं. तिला ते कळलं, आणि क्षणभर तिला वाटलं की टाकलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी मास्तरांना दोन-तीन प्रश्न विचारले. मास्तरांनी प्रत्येकाला "हो" म्हटलं. सासूबाई पदर तोंडात धरून उभ्या होत्या, पण खोलीबाहेर गेल्या नाहीत. डॉक्टर तिच्याकडे वळले. ती एवढंच म्हणाली, "त्यानं सांगितलंय तसं करा."

नंतर ती मास्तरांशी भांडली. मोठ्यानं, पूर्वी भांडायची तशी. मला विचारायचं तरी होतंस, ती म्हणाली. मास्तरांनी उत्तर दिलं, "तू नाही म्हणाली असतीस." ते खरंच होतं.

हिवाळा सरता सरता मास्तरांना ताप आला आणि छाती भरली. गुदमरल्यासारखं वाटू नये म्हणून डॉक्टरांनी पाठवलेल्या नर्सबाई येऊन औषध देऊन गेल्या. ती एका बाजूला, सासूबाई दुसऱ्या बाजूला. गाल हलायचा केव्हाच थांबला होता. तिनं चकती सोडवून गाल कोमट पाण्यानं पुसला. तिथली कातडी लाल होऊन सोलवटली होती, तिला ती कुरवाळत बसावंसं वाटलं आणि ती बसली. सकाळी उन्हं पलंगापर्यंत आली तेव्हा मास्तर गेलेला होता. नेमका कधी, ते दोघींनाही सांगता आलं नाही.

ती ऑफिसात परत गेली. लोक सांभाळून बोलायचे, सुईण म्हणायचं टाळायचे. तिनं डब्यासाठी केलेली सगळी जुळवणी ती भाषा लिहून सांभाळणाऱ्या मंडळींकडे पाठवून दिली. त्यांनी आडवळणाचे प्रश्न विचारले, शंका काढल्या, आणि शेवटी ती सामावून घेतली. काही महिन्यांनी कुठल्याशा लांबच्या गावातून एका मुलीचा निरोप आला. तिच्या वडिलांकडे तसाच डबा होता. नवीन बिल्ड घातल्यावर वडील संध्याकाळभर बोलत होते, त्यांनी जावयाचे जुने हिशेब काढले, घरात चांगलीच जुंपली, आणि तुमचे आभार कसे मानावेत कळत नाही, असं तिनं लिहिलं होतं.

तिनं जेवताना ते सासूबाईंना वाचून दाखवलं. सासूबाई जावयाच्या भागाला किंचित हसल्या. मग ताटाकडे बघत म्हणाल्या, "त्यांच्याजवळ दुपारी कोण असतं, विचार तिला."

तिनं विचारलं. मुलीनं कळवलं की ती स्वतःच असते, वडिलांच्याच खोलीत बसून काम करते. सासूबाईंनी बरं म्हटलं आणि ताटं उचलली.

भाषेची नवी आवृत्ती निघाली की ती डब्यासाठी तिचं बिल्ड करते, चालवून बघते, चालते असं कळवते. आतापर्यंत डबे वापरणारी माणसं कमी कमी होत गेली आहेत, कुणी का वापरायचं थांबलं हे कुणी कळवत नाही आणि तीही विचारत नाही. मागच्या खेपेला सांभाळणाऱ्यांनी विचारलं, की भाषा कुठे कुठे चालते त्या यादीतून ही प्रणाली आता काढून टाकावी का, कुणी उरलंय का? त्या लांबच्या मुलीचे वडील तेव्हा होते. एक माणूस आहे, असं तिनं कळवलं.

प्रणाली यादीत राहिली.